हळद-शल्लकी पावडर: माणसांना ठीक, कुत्र्यांना नको

गुडघ्याचं लिगामेंट दुखावलं तेव्हा फिजिओथेरपीसोबत ही हळद आणि शल्लकीची (म्हणजे सालई झाडाच्या डिंकाची) पावडर सुरू केली, जिना उतरताना गुडघा जो आखडायचा तो हळूहळू कमी झाला, आता त्यात व्यायामाचा वाटा किती आणि पावडरचा किती ते सांगता येणार नाही. हळदीतलं मुख्य द्रव्य कर्क्युमिन नुसतं घेतलं तर पोटातून रक्तात फारसं जात नाही म्हणून यात मिरीतलं पिपरिन घातलंय, ते आवडलं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

पण डब्यावर 'पाळीव प्राण्यांनाही चालेल' एवढंच छापलंय, वजनानुसार डोस कुठेच नाही, आणि यांच्याच चघळायच्या गोळीत झायलिटॉल (साखरेऐवजी गोडीसाठी घालतात ते) आहे!! कुत्र्याच्या पोटात ते गेलं तर शुगर धाडकन खाली येते, लिव्हर निकामी होऊ शकतं. कंपनीने हे तातडीने बदलायला हवं.