रूआँ की ओव्हेर?

पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात चित्रकार मोनेची, फ्रान्समधल्या रूआँ शहरातल्या कॅथेड्रलची (मुख्य चर्चची) पाच चित्रं आहेत आणि चित्रकार व्हॅन गॉगचं ‘ओव्हेरचं चर्च’ही तिथेच आहे; ओव्हेर हे पॅरिसजवळचं गाव. दोन्ही चर्चेस गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या मध्ययुगीन घडणीची, पण चित्रं अगदी दोन टोकांची.

मोनेने १८९२ आणि १८९३ मध्ये कॅथेड्रलसमोर खोली घेऊन एकच दर्शनी बाजू तीसेक वेळा रंगवली. सकाळ, ऊन, धुकं अशा प्रत्येक प्रहराला वेगळा कॅनव्हास. जवळ गेलं की कमानी, मूर्ती काहीच ओळखू येत नाही. चुन्याच्या गिलाव्यासारखा खडबडीत रंग तेवढा दिसतो. चार पावलं मागे सरकलं की त्याच रंगातून दगड उभा राहतो. एकच चित्र पाहून मात्र हे पुरतं कळत नाही, दोन-तीन शेजारी हवीत.

व्हॅन गॉगला एकच कॅनव्हास पुरला. जून १८९०, म्हणजे मृत्यूच्या जेमतेम दोन महिने आधी. त्याने चर्च मागच्या बाजूने रंगवलं, त्यामुळे दार दिसतच नाही. छपराची रेघ वाकडी, भिंती जांभळट, आकाश गडद निळं. वर रात्र वाटावी आणि खाली गवतावर लख्ख ऊन! पुढे रस्त्याला दोन फाटे फुटतात; डावीकडच्या वाटेने एक बाई पाठमोरी चालली आहे. दोन्ही वाटा चर्चच्या कडेने निघून जातात.

प्रकाश कसा बघावा हे मोने शिकवतो. पण वेळ थोडा असेल तर मी व्हॅन गॉगपुढेच थांबेन. त्या बिनदाराच्या भिंतीवरून माझी नजर हलत नाही.