दोन फळ्यांची खुर्ची: दहा महिने वापरल्यावर

मागच्या दिवाळीत बनवलेली ही खुर्ची. दोनच फळ्या. पाठीच्या फळीला खालून 8 इंचांवर आडवी खाच, बैठकीच्या फळीला मागे 16 इंच लांब, 5 इंच रुंद शेपूट. शेपूट खाचेत सरकवलं की फुलीसारखा आकार होतो आणि बसणाऱ्याच्या वजनानंच तो पक्का बसतो. खिळा नाही, स्क्रू नाही, बिजागरी नाही.

पहिली खुर्ची पॅकिंगच्या पेटीतल्या पाइनची केली होती. शेपटाच्या मुळाशी एक गाठ होती, ती मी चालवून घेतली. तिसऱ्याच दिवशी भावजी बसले आणि कडाडकन आवाज झाला. त्यांना लागलं नाही, पण मला त्या रात्री झोप लागली नाही. सगळा भार तिथेच येतो. तिथे गाठ चालतच नाही आणि लाकडाचे रेषे लांबीला सरळ हवेत. मग वखारीतून जुन्या वाड्याच्या सागवानाच्या सव्वा इंची फळ्या आणल्या. जुनं सागवान पुरतं वाळलेलं असतं, फारसं पिळवटत नाही. फक्त रंधा मारण्याआधी खिळे शोधा. आतल्या एका मोडक्या खिळ्यानं आमच्या सुताराच्या रंध्याचं पातं घालवलं.

वजन आठ किलोच्या आसपास. फळ्या एकावर एक ठेवून दोरीनं बांधल्या की मोटारसायकलवर आरामात जातात. पाठीवर घेऊन डोंगर चढायची ही वस्तू नाही.

सगळ्यात मोठा धडा खाचेनं शिकवला. जुलैत आठवडाभर झड लागली आणि शेपूट असं अडकलं की निघेना. लाकूड ओलाव्यानं रुंदीला आणि जाडीला फुगतं, लांबीला जवळजवळ नाही. खाचेची उंची पाठीच्या फळीच्या लांबीत मोजली जाते, म्हणून ती तेवढीच राहते. शेपटाची जाडी मात्र वाढते. मी जेमतेम अर्धं सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) मोकळीक ठेवली होती. पटाशीनं खाच वाढवून ती जाडीपेक्षा 2 सूत मोठी केली. पाठ जरा जास्त कलली, ते उलट चांगलंच झालं.

आपल्या काळ्या मातीचा विचार आधीच करा. एप्रिलमध्ये शेपटाचं टोक सरळ भेगेत गेलं आणि मी चहासकट मागे कललो. पावसात तेच टोक चिखलात रुततं. आता दीड वीत लांबीचा फळीचा तुकडा सोबत ठेवतो, टोकाखाली घालायला. नाथसागराच्या काठावर रोहित पक्षी बघताना ओल्या गाळातही तोच कामी आला.

जवसाच्या तेलाचे तीन हात दिले, दर हाताला वाळायला दिवस गेले. तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवा.

डिसेंबरात कन्नडजवळ मित्राच्या शेतात मिथुन राशीतला उल्कावर्षाव पाहिला. पहाटेपर्यंत मान अवघडली नाही, याचं सगळं श्रेय या कललेल्या पाठीला.

जानेवारीत हुरड्याला आई आगटीजवळ हौसेनं बसली. बसली, पण उठवेना. कंबर जमिनीपासून वीतभरावर टेकते, गुडघेदुखीच्या माणसाला ते झेपत नाही. दोघांनी हात धरून उठवलं तिला. तिच्यासाठी आता दुसरी करतोय: खाच 12 इंचांवर, शेपूट त्या मानानं लांब. फळ्या कापून झाल्यात, तेलाचा दुसरा हात वाळतोय.