देवगांडुळांच्या वर्गीकरणासाठी साधा स्टिरिओ मायक्रोस्कोप: घ्यावा का?

सोलापुरात शाळा-कॉलेजांना साहित्य पुरवणाऱ्या दुकानांत २०एक्स-४०एक्सचा (२० ते ४० पट मोठं दाखवणारा) हा मायक्रोस्कोप सहज मिळतो. इथल्या कोरड्या मातीत देवगांडूळ, म्हणजे गांडुळासारखा दिसणारा बिनपायांचा उभयचर, कुठला सापडायला! काम पडतं ते संग्रहातल्या, सह्याद्रीतून आलेल्या बरणीबंद नमुन्यांशी. त्याला २०एक्स पुरे. ४०एक्सचे जादा पैसे वाया.

भिंग मात्र झकास. स्पर्शिकेचं, म्हणजे डोक्यावरच्या चाचपणाऱ्या छोट्या अवयवाचं, बारीक छिद्र लख्ख दिसतं: नाकपुडीच्या खाली, अगदी पुढे असेल तर देवगांडुळांतला युरिओटिफ्लस गट, डोळ्याच्या बाजूला सरकलेलं असेल तर बहुधा इक्थिओफिस. गुदद्वारामागे शेपटी आहे का, तेही बघा. गेजेनिओफिस या तिसऱ्या गटाला ती नसते आणि डोळा हाडाखाली दडलेला असतो.

खोट आहे ती वरच्या हॅलोजन दिव्यात. त्याच्या उष्णतेने कातडी सुकून सुरकुतते आणि सुरकुत्याच वळ्या (ओळख पटवायला मोजायची अंगावरची कडी) म्हणून मोजल्या जातात. शिवाय अल्कोहोलजवळ तापलेला दिवा नकोच. बाजूने तिरपा एलईडी लावा, नमुना मेणाच्या ट्रेत ७० टक्के अल्कोहोलने ओला ठेवा, दर दहा वळ्यांना शेजारी टाचणी रोवा. स्टेज लहान आहे, क्लिपा काढून ट्रेच सरकवावा लागतो. दुकानदाराला एलईडीचंच मॉडेल मागा.