ब्रेकची एअर घरी काढताना: हँडपंप आणि वन-वे नळी, पावसाळाभराच्या वापरानंतर

मार्चमध्ये घेतलेला ब्लीडिंगचा, म्हणजे ब्रेकच्या लाइनमधली हवा ओढून काढायचा हँडपंप आणि त्याच्याच डब्यात आलेली वन-वे व्हॉल्व्हची (बाहेर सोडणारी, परत आत न घेणारी) नळी, दोन्ही पावसाळाभर वापरून झाल्या. गाडी जुनी हॅचबॅक. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक, एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही. तक्रार नेहमीचीच: पेडल मऊ, पहिल्या दाबाला पार खाली, लागोपाठ दोन-तीनदा मारलं की वर येऊन घट्ट. असं पेडल वर येत असेल तर बहुधा लाइनमध्ये एअर असते किंवा मागचे ड्रम सैल असतात, म्हणजे आतून ड्रमला घासणारे शू ड्रमपासून लांब राहतात. उलट, सिग्नलला पाय दाबून धरला आणि पेडल हळूहळू बसत गेलं, तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचे (पेडलच्या दाबाने ऑइल लाइनमध्ये ढकलणाऱ्या सिलिंडरचे) रबर गेलेत. तिथे पंप-बिंप काही कामाचा नाही, सरळ गॅरेज गाठा.

आता पंप. दिसायला झकास, गेज-बिज सगळं. पण निपलला (चाकापाशी हवा-ऑइल बाहेर सोडायला असलेल्या पोकळ स्क्रूला) नळी लावून ओढ दिली की बुडबुडे येतात आणि येतच राहतात. ही लाइनमधली हवा नव्हेच. निपल सैल केला की त्याच्या आट्यांमधून बाहेरची हवा खेचली जाते. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळली की फरक पडतो, फक्त टोकाकडचे एक-दोन आटे मोकळे सोडायचे, नाहीतर टेपचा तुकडा आत जायचा. तरीही या नळीकडे बघून काम झालं की नाही हे ठरवता येत नाही. पेडलवर पाय ठेवूनच ठरवावं लागतं. गेजचा काटा तर पावसाळ्याआधीच अडकून बसला.

पंप चालला तो रिझर्व्हॉयर, म्हणजे बॉनेटखालची ब्रेक ऑइलची टाकी उपसायला. वरचं कोऱ्या चहासारखं झालेलं ऑइल आधी काढून नवीन भरलं की तेच जुनं पुन्हा लाइनमधून फिरत नाही. पण एवढ्यासाठी मोठी सिरिंजही पुरते.

वन-वे नळी मात्र वसूल. टोक बाटलीतल्या ताज्या ऑइलमध्ये बुडवायचं, निपल रिंग पान्याने पाव फेरा सैल करायचा आणि आत बसून पेडल सावकाश दाबायचं, सावकाश सोडायचं. रिझर्व्हॉयर मधूनमधून भरत राहायचं, तळ दिसला की सगळं पहिल्यापासून. व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला तर तो उघडाच राहतो, म्हणून दर वेळी नळी धुऊन, वाळवून ठेवतो.

तरी घरात रिकामा माणूस असेल तर त्याच्यासारखं यंत्र नाही. पुतण्या पेडलवर, मी चाकापाशी. "दाब. धरून ठेव." निपल उघडला की आतून आवाज येतो, "काका, गेलं खाली!" निपल बंद, मगच "सोड". बंद व्हायच्या आत पाय उचलला की हवा परत आत. पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवतो. जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत गेलं तर मास्टर सिलिंडरचे रबर एरवी जिथे पोचत नाहीत त्या मळलेल्या भागावर घासतात आणि फाटू शकतात.

चाकांचा क्रम मॅन्युअलमध्ये बघा. साधारणपणे लांबचं चाक आधी, म्हणजे आपल्याकडे मागचं डावं, पण तिरप्या सर्किटच्या गाड्यांत (एक पुढचं आणि त्याच्या तिरपं मागचं चाक एका लाइनवर) तो बदलू शकतो.

एवढं करून पेडल निम्मंच सुधारलं. हँडब्रेकही फार वरपर्यंत ओढावा लागत होता, तेव्हा ड्रम उघडले. शू झिजतील तसे आपोआप बाहेर सरकवणारा ऑटो ॲडजस्टर जाम! साफ करून, शू ड्रमला जेमतेम घासतील इतके बाहेर काढले आणि पेडल खरं वर आलं. मऊ पेडलच्या नावाखाली नुसतं ऑइल बदलत बसणाऱ्यांनी आधी हे बघावं. त्यानंतर भर पावसात ताम्हिणी उतरून माणगावला जाऊन आलो, पेडल जिथल्या तिथे.

ऑइल घ्यायचं ते रिझर्व्हॉयरच्या झाकणावर लिहिलेल्या प्रतीचंच. डॉट ४ या प्रतीचा उकळबिंदू कोरं असताना किमान २३० अंश सेल्सिअस, हवेतलं पाणी शोषल्यावरचा किमान १५५. त्यामुळे फोडून ठेवलेली अर्धी बाटली वर्षभराने वापरण्यात अर्थ नाही, छोटी सीलबंद घ्यावी. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. रंगावर थेंब पडला तर लगेच भरपूर पाणी ओता, पुसत बसलात तर रंग जातो.

एबीएसच्या युनिटमध्ये हवा गेली असेल तर बऱ्याच गाड्यांना स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं गॅरेजमधलं यंत्र) लागतो, तिथे ही नळी पुरणार नाही. बाकीच्यांनी नळी सुटी मिळाली तर तेवढीच घ्यावी.