व्यवसाय कर 'महाजीएसटी'वर स्वतः भरावा का? मोंढ्यातल्या दुकानदारांसाठी

भरावा. 'महाजीएसटी' हे राज्याच्या जीएसटी खात्याचं संकेतस्थळ, तिथं लॉगिनसुद्धा लागत नाही. फक्त पहिल्याच पानावर चुकायची पुरेपूर सोय करून ठेवली आहे, तेवढी सांभाळायची.

'ई-पेमेंट्स'मध्ये टिन, म्हणजे करदात्याचा नोंदणी क्रमांक, मागतात. लातूरचा शिकवणीवाला असो की नांदेडचा आडत्या, नोकर ठेवले की क्रमांक दोन होतात. ९९ ने सुरू होणारा पीटीईसी, म्हणजे मालकाचा स्वतःचा कर. २७ वाला पीटीआरसी, नोकरांच्या पगारातून कापलेला. दोन्हींच्या शेवटी 'पी'. घाईत २७ वाला टाकला की पैसे तिकडे जमा होतात आणि मालकाची थकबाकी जागच्या जागी. दुसरी चूक आर्थिक वर्षाची: मागचं साल भरताना चालू साल निवडलं की चलन भलत्याच वर्षाला लागतं. खात्यातून रक्कम गेली, पण चलन आलं नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. आधी 'ग्रास' या राज्याच्या भरणा संकेतस्थळावर जीआरएन, म्हणजे सरकारी पावती क्रमांक, तपासा. एमटीआर-६ चलन, म्हणजे कर भरल्याचा पुरावा, उतरवून ठेवाच.

पीटीईसीचे २,५०० रुपये ३० जूनच्या आत. 'ओटीपीटी', म्हणजे एकरकमी भरणा, हा पर्याय आम्हाला सगळ्यात आवडला: चार वर्षांचे १०,००० एकदम भरले की पाच वर्षं मिटलं. गाळा लवकरच सोडायचा असेल तर मात्र या फंदात पडू नये. भागीदारीत प्रत्येक भागीदाराची नोंदणी वेगळी. पासष्टी ओलांडलेल्यांना कर माफ आहे. मुनीम हे सांगेलच असं नाही.

नोकरांचं गणित सोपं. पुरुषाचा पगार १०,००० च्या वर गेला की महिना २००, फेब्रुवारीत ३००. ते जादा शंभर वर्षाची बेरीज बरोबर २,५०० व्हावी म्हणून. त्यापुढे राज्याला एक रुपयाही वाढवता येत नाही, कारण राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ नं हात बांधले आहेत. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीनं ही मर्यादा २५० वरून २,५०० झाली, ती आजही तेवढीच. (इतकी वर्षं न वाढलेला दुसरा आकडा मोंढ्यात शोधून दाखवा!) महिलांना २५,००० पर्यंत माफी आहे, पण जुन्या पगारपत्रकात १०,००० च राहिलेले असतात, बघून घ्या.

पीटीआरसीचं चलन भरलं म्हणजे विवरणपत्र भरलं, असं नाही. ते वेगळं सादर करावं लागतं. उशीर ३० दिवसांच्या आतला असेल तर विलंब शुल्क २००, नंतर १,०००. संकेतस्थळ मात्र चलनाच्या पानावर याची आठवण करून देत नाही, म्हणून त्याला पाचपैकी साडेतीन गुण.