फुटबॉल कॉमेंट्री: कोणाचा आवाज चालू ठेवायचा, कोणाचा बंद करायचा

कॉमेंट्री कोणाची आहे यावर माझी अर्धी मॅच ठरते, आणि हे मी वाढवून सांगत नाहीये. चॅम्पियन्स लीगसाठी रात्री दीडपर्यंत जागायचं, सकाळी ऑफिस असतंच, मग निदान कानावर काहीतरी धड पडावं एवढी अपेक्षा ठेवणं चूक नाही ना. इतकी वर्षं प्रीमियर लीग, चॅम्पियन्स लीग, वर्ल्ड कप बघून कॉमेंटेटर आणि स्टुडिओतल्या एक्सपर्ट लोकांबद्दल जे मत झालंय ते सगळं इथे लिहिते, पटलं नाही तर बिनधास्त भांडा.

माझी कसोटी साधी आहे. टीव्हीवर चित्र दिसतंय. बॉल डावीकडून उजवीकडे गेला हे मला दिसतं, ते सांगायला माणूस नको. रेडिओवर ते सांगावंच लागतं, टीव्हीवर नाही. मला हवंय ते जे कॅमेरा दाखवत नाही, म्हणजे तो विंगर आज आत का येतोय, सहा नंबरचा पोरगा कुठून आलाय, कोचने हाफटाइमला काय बदललं. आणि मोठा क्षण आला की गप्प बसता आलं पाहिजे. अभ्यास आणि गप्प बसणं, बास, या दोन गोष्टींवर मी सगळ्यांना मोजते.

गप्प बसण्यात स्काय या ब्रिटिश चॅनलचा कॉमेंटेटर मार्टिन टायलर याला तोड नाही. १३ मे २०१२, मँचेस्टर सिटी विरुद्ध क्यूपीआर (क्वीन्स पार्क रेंजर्स). सिटीला ४४ वर्षांनी लीग जिंकायची संधी, नव्वद मिनिटं संपली तेव्हा घरच्या मैदानावर १-२ ने मागे, तिकडे मँचेस्टर युनायटेड सुंदरलंडला १-० ने जिंकून ट्रॉफीची वाट बघत उभी. झेकोने हेडरने बरोबरी केली आणि ९३ मिनिटं २० सेकंदांना अग्वेरोने मारला. टायलर फक्त त्याचं नाव ओरडला, शेवटचा ओ जमेल तेवढा लांबवत, आणि थांबला. शर्ट काढून फिरवत पळणारा अग्वेरो, वेडं झालेलं स्टेडियम, यात कॉमेंटेटरचा एक शब्द नाही. बऱ्याच सेकंदांनी तो बोलला, तेही एवढंच की शपथेवर सांगतो असं परत कधी बघायला मिळणार नाही, बघून घ्या. आजही ती क्लिप लावली की अंगावर काटा येतो तो त्या मधल्या शांततेमुळे, हे माझं ठाम मत आहे. आपल्याकडच्या कितीतरी पोरांनी टायलरला आधी फिफा गेममध्ये ऐकलं आणि मग खऱ्या मॅचमध्ये, त्यामुळे त्याचा आवाज आला की आपोआप मॅच मोठी वाटायची. शेवटच्या काही सीझनमध्ये तो थकलेला वाटायचा हे मान्य, तेहतीस वर्षं स्कायवर काढून २०२३ मध्ये तो बाहेर पडला तेव्हा फॅन्समध्ये त्यावरून बरीच भांडणं झाली, पण त्या एका थांबण्यासाठी त्याला माझ्याकडून पूर्ण मार्क.

त्याच्या जागी स्कायवर आला पीटर ड्रुरी. आता ड्रुरीवर लिहायचं तर वेगळा लेख लागेल. अर्धे फॅन्स त्याला कवी म्हणतात आणि अर्ध्यांना तो अति वाटतो, मधलं कोणी भेटत नाही. आक्षेप असा की त्याच्या ओळी ठेवणीतल्या असतात, घरून लिहून आणतो आणि जागा मिळेल तिथे बसवतो. मी म्हणते १० एप्रिल २०१८ ची रोमा-बार्सिलोना मॅच काढा. पहिली लेग, म्हणजे दोनपैकी पहिली मॅच, बार्सिलोनाने ४-१ ने मारलेली, परतीच्या मॅचला कोणी रोमाला धरतच नव्हतं, आणि ८२ व्या मिनिटाला मानोलास या डिफेंडरने हेडरने तिसरा गोल केला आणि अवे गोलवर (एकूण बरोबरी झाली की परक्या मैदानावर जास्त गोल मारणारी टीम पुढे, हा तेव्हाचा नियम) बार्सिलोना बाहेर. ड्रुरी काय म्हणाला तर रोमा आपल्या भग्नावशेषांतून उठून उभी राहिली, रोममध्ये ग्रीक देव. आता मला सांगा, एका सेंटरबॅकचा गोल होईल आणि तोच निर्णायक ठरेल हे घरी बसून कोण लिहील? मानोलास ग्रीक आहे हे डोक्यात तयार पाहिजे, रोमचा इतिहास तयार पाहिजे, आणि दोन सेकंदांत ते जुळलं पाहिजे. याला पाठांतर म्हणणाऱ्यांशी माझं जमणार नाही. ही तयारी आहे, आणि तयारी करून येणाऱ्या माणसाला नावं ठेवायची आणि काही न वाचता येणाऱ्याला नॅचरल म्हणायचं हा कुठला न्याय.

२०१० च्या वर्ल्ड कपची पहिली मॅच, जोहान्सबर्ग, दक्षिण आफ्रिकेचा त्शाबालाला मेक्सिकोविरुद्ध डाव्या पायाने बॉल वरच्या कोपऱ्यात ठेवतो, आणि ड्रुरी तो गोल आधी टीमला, मग देशाला आणि मग सगळ्या आफ्रिकेला देऊन टाकतो. मॅच १-१ सुटली, पण तो स्कोअर किती जणांना आठवतो? २०२२ च्या फायनलला मेस्सीबद्दल तो बोलला ते तर लोकांना तोंडपाठ आहे. तरी एक तक्रार माझीही आहे. हिवाळ्यातल्या एखाद्या बुधवारी दोन दमलेल्या टीम ०-० खेळत असतात तेव्हाही त्याचा सूर वरच असतो, आणि मग खरंच काही घडलं की चढायला पायरी उरत नाही. ड्रुरीने त्या मॅचेस थोड्या खालच्या पट्टीत केल्या तर त्याच्याबद्दल वादच राहणार नाही.

शेजारी बसणाऱ्या माजी खेळाडूचं काम वेगळं आणि माझ्या मते जास्त अवघड, कारण त्याला रिप्ले चालू असताना दहा-बारा सेकंदांत कारण सांगायचं असतं. जिम बेगलिन यात सगळ्यात कमी कौतुक झालेला माणूस आहे. लिव्हरपूलचा लेफ्टबॅक, १९८७ मध्ये एव्हर्टनविरुद्ध पाय मोडला आणि करिअर तिथेच अडकलं. ड्रुरीबरोबर वर्षानुवर्षं बसला, ड्रुरी आभाळात असताना हा शांतपणे सांगायचा की फुलबॅकने आत बघितलं, मागचा रनर सुटला, म्हणून गोल. आरडाओरडा नाही, स्वतःच्या आठवणी नाहीत. दुसरा आवडता अॅली मॅकॉइस्ट. स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबसाठी ३५५ गोल केलेला माणूस, आणि अजूनही साधा चांगला पास बघून इतका खूश होतो की आपण झोपेत असलो तरी जागे होतो. २०१८ च्या वर्ल्ड कपला आयटीव्ही या ब्रिटिश चॅनलवर कॉमेंटेटर जॉन चॅम्पियनबरोबर त्याची जोडी अशी काही जमली की लोक नुसती कॉमेंट्री ऐकायला मॅच लावायला लागले. कुठल्याही टीमचा एखादा फारसा माहीत नसलेला मिडफिल्डर असो, मॅकॉइस्टने त्याच्याबद्दल वाचलेलं असतं.

युनायटेडचा माजी खेळाडू गॅरी नेव्हिल कॉमेंट्रीला असला की मला थोडा त्रास होतो, युनायटेडचा चष्मा पूर्ण उतरत नाही. पण २०१२ मध्ये बार्सिलोनाच्या कॅम्प नोउ मैदानावर चेल्सीचा टोरेस एकटा गोलकीपरकडे पळत सुटला तेव्हा नेव्हिलच्या तोंडून जो आवाज निघाला तो मात्र शंभर टक्के खरा होता, घरात बसलेला प्रत्येक माणूस तसाच ओरडला असणार.

स्कायवरच्या अँडी ग्रेबद्दल लिहिताना मला दोन्ही गोष्टी सांगायच्या आहेत. २००४ मध्ये ऑलिम्पियाकोसविरुद्ध जेरार्डने लांबून मारलेला गोल आणि ग्रेचं ते आनंदाने फुटलेलं ओरडणं, लिव्हरपूलच्या फॅनला विचारा काय आहे ते. आणि हाच ग्रे जानेवारी २०११ मध्ये वुल्व्हज-लिव्हरपूल मॅचच्या आधी लाइनवरची असिस्टंट रेफरी सियान मॅसी हिच्याबद्दल अँकर रिचर्ड कीजबरोबर बोलत होता की बाईला ऑफसाइड काय कळणार. माइक चालू नाही असं त्यांना वाटत होतं. त्या मॅचमध्ये मॅसीने एका गोलला ऑफसाइड दिला नाही, निर्णय अगदी बारीक होता आणि तिचा बरोबर निघाला. ग्रेला काढलं, कीजने राजीनामा दिला. मी मॅच बघायला बसले की आजही कोणीतरी मला ऑफसाइड समजावून सांगायला लागतो, त्यामुळे हे मी विसरणार नाही. २०१८ मध्ये पोर्तुगाल-मोरोक्को मॅचला विकी स्पार्क्स बसली, ब्रिटिश टीव्हीवर वर्ल्ड कपची लाइव्ह मॅच करणारी पहिली बाई, आणि लोकांनी मॅच सोडून तिच्या आवाजाच्या पट्टीवर चर्चा केली. मग २०२० च्या युरोला, म्हणजे २०२१ मध्ये झालेल्या, एमा हेज आयटीव्हीवर बोलायला लागली. कुठली टीम कुठे प्रेस करणार, कोणाला मोकळं सोडणार हे ती बोलायची आणि थोड्या वेळाने मैदानावर तेच दिसायचं. चेल्सी विमेन्सची कोच होती, रोजचं काम होतं तिचं ते. तिच्यानंतर बऱ्याच माजी खेळाडूंचं बोलणं पाट्या टाकल्यासारखं वाटायला लागलं मला.

आता स्टुडिओवाले. इथे एक नंबर नेव्हिल आणि लिव्हरपूलचा माजी डिफेंडर कॅरॅगर यांचं स्कायवरचं मंडे नाइट फुटबॉल, आपल्याला बहुतेक यूट्यूबवर तुकड्यांत बघायला मिळतं पण तेवढंही पुरतं. कॅरॅगरचा लिव्हरपूली उच्चार सुरुवातीला डोक्यावरून जातो, सबटायटल लावा पण बघा. स्क्रीन थांबवून तो दाखवतो की गोलच्या आधी वीस सेकंद चूक कुठे झाली, आणि ती चूक बहुतेक वेळा ज्याला आपण शिव्या घालत होतो त्याची नसते. तिथलीच थिअरी ऑन्रीची एक क्लिप माझ्या मते फुटबॉल शिकायची सगळ्यात चांगली क्लिप आहे. बार्सिलोनात असताना तो आपली जागा सोडून दुसऱ्या बाजूला गेला, गोलही केला, आणि तरी ग्वार्डिओलाने त्याला हाफटाइमला बाहेर बसवलं. का, तर शेवटच्या टप्प्यात काय करायचं ते तुमचं, पण तिथपर्यंत बॉल आणायचा असेल तर प्रत्येकाने आपली जागा धरायची. पोझिशनल प्ले यावर मी बरंच वाचलं होतं, डोक्यात शिरलं ते ऑन्रीच्या त्या पाच मिनिटांत.

युनायटेडचा माजी कॅप्टन रॉय कीन याच्या क्लिप्स सगळे फॉरवर्ड करतात, मीही बघते, पण खेळाडूंना तळमळ नाही हे दर रविवारी ऐकून खेळ कळत नाही. आणि एक्सपर्टची भाकितं तर सोडूनच द्या. १९९५ मध्ये बीबीसीचा एक्सपर्ट अॅलन हॅन्सन म्हणाला पोरासोरांना घेऊन काही जिंकता येत नाही, युनायटेडने त्याच सीझनला डबल (लीग आणि एफए कप) जिंकलं. तरी डिफेन्स कसा उभा राहतो हे समजवण्यात हॅन्सन राजा होता, म्हणून त्या एका वाक्यावर त्याला निकालात काढणं मला पटत नाही.

आपल्याकडे ज्यांनी २००० नंतरच्या वर्षांत ईएसपीएन-स्टारवर फुटबॉल धरलं त्यांना सिंगापूरचा स्टुडिओ आठवत असेल. जॉन डाइक्स मधे, स्टीव्ह मॅकमॅहन तोंडावर बारा वाजवून, आणि मलेशियाचा माजी डिफेंडर शेबी सिंग. शेबी ठाम बोलायचा, कधी कधी फारच ठाम, पण आपल्यासारखा दिसणारा माणूस इंग्लिश फुटबॉलवर कोणाला न घाबरता बोलतोय हे त्या वयात बघायला मिळालं याचं मोल मोठं आहे. २०२२ मध्ये तो गेला. त्याच्या थोडं आधी, नोव्हेंबर २०२१ मध्ये नोव्ही कपाडिया गेले. दिल्ली विद्यापीठात इंग्लिश शिकवणारा प्राध्यापक, आणि भारतीय फुटबॉलचा चालता बोलता इतिहास. संतोष ट्रॉफी, ड्युरँड, कोलकाता लीग, कुठल्या वर्षी कोणी गोल मारला ते विचारायचा अवकाश. त्यांच्यानंतर ती जागा कोणी भरली नाही.

कारण सध्या आपल्या स्टुडिओंत काय चालतं. नाव घेत नाही, दोन-तीन ठिकाणी तेच आहे. मॅच नऊला, कार्यक्रम आठला, आणि त्या तासात नमनालाच घडाभर तेल. मेस्सी मोठा की रोनाल्डो, तुमचा फेव्हरेट क्लब कुठला, मग जाहिरात. समोर ब्रेंटफर्ड-फुलहॅम असली तरी बोलणं मँचेस्टर युनायटेडवर. परदेशी मोठा खेळाडू पैसे देऊन आणतात आणि त्याला विचारतात भारताबद्दल काय वाटतं. अरे, त्याने वर्ल्ड कप खेळलाय, त्याला कॉर्नरला कोण कोणाला धरतं ते विचारा ना! हिंदी फीडवर तर क्रिकेटचीच पद्धत उचललीय, थ्रो-इनला पण सिक्स बसल्यासारखा आवाज. बुंदेसलीगावर डेरेक रे ऐका, स्कॉटिश माणूस, जर्मन येतं, आणि प्रत्येक खेळाडूचं नाव त्या खेळाडूच्या घरी म्हणतात तसं म्हणतो. एवढी तरी किंमत द्यावी माणसाने समोरच्याला.

काही जण म्हणतात कॉमेंट्रीच नको, नुसता स्टेडियमचा आवाज द्या. मार्च २०२३ मध्ये बीबीसीवर तसं झालंच. अँकर गॅरी लिनेकरला एका ट्वीटवरून बाजूला केलं, बाकीच्यांनी त्याच्यासाठी काम थांबवलं, आणि मॅच ऑफ द डे हा हायलाइट्सचा कार्यक्रम वीस मिनिटांचा, ना अँकर ना कॉमेंट्री असा दाखवला. त्या दिवशी प्रेक्षक उलट वाढले. पण लिनेकर जिंकला की बीबीसी हरली हा मुद्दा बाजूला ठेवून नुसते ते हायलाइट्स बघा, गोल कोणी केला तेच कळत नाही, पोरगं नवीन आहे का जुनं, हा त्याचा पहिला गोल का, काही नाही. मला तरी माणूस हवाच.

आणि मला तो मराठीत हवाय. २०२२ च्या वर्ल्ड कपला जिओसिनेमावर इंग्लिश, हिंदी, तमिळ, मल्याळम आणि बंगाली होती, मराठी नव्हती. मराठी माणूस फुटबॉल बघत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी हंगामात कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर जाऊन बसावं. पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ असली तर आधी जागा मिळते का बघावं. २०१७ चा अंडर-१७ वर्ल्ड कप खेळलेला अनिकेत जाधव याच गावचा. तिथे स्पीकरवरून जी मराठी कॉमेंट्री चालते तिला खेळाडूची पेठ माहीत असते, तो गेल्या वर्षी कुठल्या तालमीकडून खेळत होता ते माहीत असतं, पब्लिक उसळलं की बोलणारा आपोआप थांबतो. म्हणजे माझ्या कसोटीच्या दोन्ही गोष्टी तिथे आहेत, आणि त्या शिकायला कोणी लंडनला गेलेलं नाही. चॅनलवाल्यांना माझं एवढंच सांगणं आहे, मुंबईच्या स्टुडिओत सिरियलमधला चेहरा बसवून मराठी फीड चालू करू नका. कोल्हापूरचे दोन समालोचक घ्या, सोबत लायसन्स असलेला एक कोच द्या, महिनाभर आधी टीमची माहिती हातात द्या, आणि शनिवारची एक प्रीमियर लीग मॅच त्यांना करू द्या. मी पैसे भरून बघेन.