आठ महिने दर शुक्रवारी गेलो, आता लिहितो

कामानिमित्त अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या एका छोट्या गावात आठ महिने काढले. रात्री आठनंतर तिथे दिवा दिसतो तो एकच, कोपऱ्यावरच्या जुन्या बारचा. पहिल्यांदा गेलो ते निव्वळ भुकेने. पुढे शुक्रवार ठरूनच गेला.

आधी जेवणाचं. शुक्रवारी तळलेला मासा, बटाट्याची धिरडी, राय ब्रेड आणि कोबीची गोडसर कोशिंबीर. मासा कुरकुरीत, पण अगदीच मिळमिळीत. मी खिशात तिखटाची पुडी न्यायचो. तिसऱ्या महिन्यापासून शेजारच्या स्टुलावरचे आजोबाही ती मागायला लागले. ओल्ड फॅशन्ड नावाचं कॉकटेल मागितलं तर त्यात व्हिस्की नाही, ब्रँडी येते. या राज्याची तीच रीत, वाद घालू नका. शाकाहारी मंडळींनी फिंगर चिप्सवर रात्र काढायची तयारी ठेवावी.

खरी मजा भिंतींत आहे. दारावर पट्टा बांधलेला पृथ्वीचा गोल दिसतो, ती याच राज्यातल्या मिलवॉकी शहराच्या श्लिट्झ ब्रुअरीची, म्हणजे बिअरच्या कारखान्याची, खूण. त्या काळी ब्रुअऱ्या स्वतःच बार बांधून द्यायच्या, अट एकच: बिअर आमचीच विकायची. 1920 मध्ये दारूबंदी आली आणि असे कितीतरी बार कागदोपत्री ‘सॉफ्ट ड्रिंक पार्लर’ झाले. इथले कॅथलिक शुक्रवारी मांस टाळायचे, तेव्हा मासे तळून गल्ला भरायची रीत त्याच दिवसांत फोफावली. म्हणजे माझ्या ताटातला मासा दारूबंदीच्या कृपेचा! बंदी उठली 5 डिसेंबर 1933 ला. ती उठवायचा ठराव सिनेटमध्ये मांडणारे जॉन ब्लेन याच राज्याचे, हे मालकीणबाई दर खेपेला ऐकवतात.

दारूबंदीच्या काळातला कुप्रसिद्ध गुंड अल कपोन इथल्या मागच्या दाराने पळाला, हेही ऐकवतात. ते मी सोडून दिलं. आसपासच्या आणखी दोन गावांतल्या बारमधूनही तो असाच मागच्या दाराने पळालाय. तळघरातला ‘भुयारी रस्ता’ कौतुकाने दाखवला, मला तरी ती कोळसा टाकायची जागा वाटली.

तक्रारी दोनच. जानेवारीत बाथरूममध्ये दात वाजतात, आणि खिडकीजवळच्या टेबलावर जाकीट काढायची सोय नाही. साडेपाचच्या आत पोचा, नंतर मासा संपतो.

निघताना तिखटाची बरणी तिथेच ठेवून आलो. काउंटरवर केचपच्या मागे आहे. आजोबांकडे चौकशी करा.